हिरव्या टोपीची हवा

हल्ली आमच्या दहिवलीत हिरव्या टोपीचं भारी कौतुक आहे. टोपी डोक्यावरची नव्हे हं, गाडीच्या चाकाची! चाकात हवा भरतात त्या वाल्ववर एक चिमुकलं झाकण असतं, बघा. ते काळं असलं तर आत साधी हवा आणि हिरवं असलं तर नायट्रोजन, असा संकेत आहे. श्रीराम पुलावरून कर्जत स्टेशनकडे सकाळच्या लोकलसाठी धावणाऱ्या स्कूट्या आणि मोटरसायकली नीट पाहिल्यात, तर चाकाबरोबर गरगर फिरणारी ही हिरवी टिकली अधूनमधून दिसेल. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणाऱ्या बुलेटवाल्यांच्या चाकांवर तर ती हमखास असते. शहरातल्या मुलांनी केलं की आपल्याकडच्या मुलांनाही ते हवंच असतं, आणि मग मुलांचं बघून आयांनाही प्रश्न पडतो.

तसा तो आमच्या महिला मंडळात पडला. डबे पोचवणाऱ्या एकीने विचारलं, "ताई, नायट्रोजन भरावा का हो? चाकाला दहा रुपये घेतात. साधी हवा तर फुकट मिळते." तिच्या शेजारी बसलेली लगेच म्हणाली, "आमच्या ह्यांनी भरून दिलाय. आता सहा महिने बघायला नको म्हणाले."

दहा रुपयांचा प्रश्न मी कदाचित हसून सोडून दिला असता. पण हे "सहा महिने बघायला नको" माझ्या मनात अडकून बसलं. कारण त्याच्या आदल्याच पावसाळ्यात आमच्या ओळखीतली एक आशाताई कशेळेच्या रस्त्यावर घसरून पडली होती. मनगट मोडलं. दीड महिना हात गळ्यात. आशांना बरंचसं मानधन झालेल्या कामावर मिळतं, त्यामुळे त्या दीड महिन्यात घरात काय आलं असेल ते तुम्हीच समजा. तिला भेटायला गेले तेव्हा अंगणात स्कूटी उभी होती. मागचं चाक बोटाने दाबलं तर आत गेलं. वाल्ववर हिरवी टोपी होती आणि चार महिन्यांत कुणी हवा पाहिली नव्हती, कारण आत नायट्रोजन होता ना! वाल्वची पिन खराब होऊन हळूहळू हवा जात होती. ती पडली ती केवळ त्यामुळेच, असं मी छातीठोक म्हणणार नाही. रस्ता ओला होता, उतार होता, मागे दुसरी ताई बसलेली होती. पण मऊ पडलेलं मागचं चाक वळणावर कसं डगमगतं, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

मी कला शाखेची. मराठी घेऊन बी.ए. झाले, दहावीनंतर विज्ञानाशी संबंध आला तो मुलांच्या अभ्यासापुरताच. पण एकदा डोक्यात घेतलं की मी सोडत नाही, असं आमच्या घरचे म्हणतात (कौतुकाने म्हणतात की वैतागून, ते विचारलेलं नाही). मुलाचं शाळेचं पुस्तक काढलं, पंक्चरवाल्या चाचांकडे तासभर ठाण मांडलं आणि मिळेल ते वाचलं.

पहिलीच गोष्ट अशी कळली की आपण फुकट भरतो ती साधी हवा म्हणजे तरी काय? तिच्यात ७८ टक्के नायट्रोजनच असतो! प्राणवायू साधारण २१ टक्के आणि उरलेल्या एकात बाकीचे वायू. म्हणजे काळ्या टोपीच्या चाकातही तीन चतुर्थांशाहून जास्त नायट्रोजन आधीपासून बसलेलाच आहे. पैसे आपण देतो ते उरलेल्या थोडक्यासाठी.

आणि तो नायट्रोजन येतो कुठून? पंपावर ते कपाटासारखं मशीन असतं ना, ते तिथलीच, त्याच रस्त्यावरची हवा ओढून घेतं. आत एक तर कार्बनचे बारीक दाणे असतात किंवा खास पडदा, आपल्या पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो त्या जातीचा. त्यातून प्राणवायू आणि ओल वेगळी काढली जाते आणि उरलेला कोरडा नायट्रोजन चाकात जातो. अगदी शंभर टक्के शुद्ध नसतो, ९५ टक्क्यांच्या आसपास धरू या.

आता यातली एक गंमत सांगते, ती मला स्वयंपाकघरातल्या हिशेबाने कळली. चाकातली हवा सोडली, मीटरचा काटा शून्यावर आला, तरी चाक काही रिकामं होत नाही. बाहेर जेवढी हवा आहे तेवढी आतही राहतेच. तिला एक वाटी म्हणा. मागच्या चाकात २९ पौंड भरायचे म्हणजे आणखी साधारण दोन वाट्या आत कोंबायच्या. (मीटरच्या आकड्याला दुकानदार 'पॉइंट' म्हणतात, गाडीच्या पुस्तिकेत 'पीएसआय' लिहिलेलं असतं, आमचे सासरे 'पौंड' म्हणायचे. मीही पौंडच म्हणते.) तर तीन वाट्यांपैकी एक वाटी जुनी साधी हवा आणि दोन वाट्या ९५ टक्के नायट्रोजन. हिशेब केला तर भरून झाल्यावर चाकात नायट्रोजन होतो ८९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ७८ वरून ८९. याहून जास्त हवा असेल तर भरलेली हवा पुन्हा सोडून पुन्हा भरायला हवी, एकदा नव्हे, दोनदा. स्कूटीसाठी एवढं करणारा पंपवाला मला तरी अजून दिसलेला नाही. काही ठिकाणी तर जुनी हवा सोडतच नाहीत, कमी असेल तेवढा नायट्रोजन वरून टाकतात आणि हिरवी टोपी लावून देतात!

मग नायट्रोजनचं एवढं नाव झालं कसं? त्यामागे खोटं काही नाही, फक्त ते आपल्या स्कूटीचं नाही. ते विमानाचं आहे. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकोत मेक्सिकाना कंपनीचं बोइंग ७२७ विमान मेक्सिको सिटीहून उडाल्यानंतर थोड्याच वेळात पेटून डोंगरात कोसळलं. १६७ माणसं गेली, एकही वाचला नाही. तपासात निघालं ते असं: चाकाचा ब्रेक नीट सुटला नव्हता, तो घासून घासून भयंकर तापला, तसंच तापलेलं चाक विमानाच्या पोटात घेतलं गेलं, आणि त्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती. टायर फुटला, इंधनाच्या आणि तेलाच्या नळ्या तुटल्या, आग लागली. रबर फार तापलं की त्यातून पेट घेणारी वाफ सुटते, तिला आतल्या आत प्राणवायू मिळाला तर स्फोट होतो. नायट्रोजन जळायला मदत करत नाही. पुढल्या वर्षी, १९८७ मध्ये, अमेरिकेच्या विमान खात्याने मोठ्या प्रवासी विमानांच्या ब्रेकच्या चाकांत नायट्रोजनच भरायचा असा हुकूम काढला. शिवाय विमान वर गेलं की बाहेर हाडं गोठवणारी थंडी. टायरमध्ये ओल असली तर तिचा बर्फ व्हायचा. म्हणून कोरडा वायू हवाच.

आता पनवेलजवळ आपल्या रायगडातच विमानतळ झाला आहे, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचं उद्घाटन झालं. तिथे उतरणाऱ्या विमानांना नायट्रोजन लागतो, तो लागलाच पाहिजे. पण दहिवलीहून भाजीला कर्जत बाजारात जाणाऱ्या स्कूटीचा ब्रेक काही तसा तापत नाही आणि ती ढगातही जात नाही.

आपल्याकडे या विषयाला हवा मिळाली (शब्दच तो आला, काय करू!) ती २०१९ च्या जुलैमध्ये. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी राज्यसभेत सांगितलं की, टायरच्या रबरात सिलिकॉन मिसळणं आणि साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरणं बंधनकारक करण्याचा सरकारचा विचार आहे. विषय होता द्रुतगती मार्गांवर टायर फुटून होणाऱ्या अपघातांचा. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला, सरळसोट काँक्रीटच्या रस्त्यावर भरधाव गाड्यांचे टायर फुटल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि घासलेल्या टायरच्या गाड्या अडवायला परिवहन खात्याने सुरुवात केली, तेव्हा नायट्रोजनची चर्चा पुन्हा घराघरात झाली. आमच्याकडे खालापूरचा टोलनाका हाकेच्या अंतरावर, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग रोजचा, त्यामुळे इथे तर ती जास्तच झाली.

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट लक्षात घ्या. समृद्धी असो की मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, दुचाकीला तिथे परवानगीच नाही! आपण जाणार जुन्या रस्त्याने, चौकहून, नाहीतर पळसदरीवरून खोपोलीला. तासन् तास शंभरच्या वेगाने धावून तापणाऱ्या चारचाकीच्या टायरसाठी जी चर्चा झाली, ती तशीच उचलून आपल्या स्कूटीला चिकटवण्यात अर्थ नाही. आणि चारचाकीचेही जे टायर फुटतात, ते बहुतेक कशाने? एक तर घासून गुळगुळीत झालेले असतात, नाहीतर हवा कमी असते. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेरीला बाजूने दबतो आणि सुटतो, दबतो आणि सुटतो. तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवली की गरम होते ना, तसाच तो आतून तापतो. आत नायट्रोजन आहे की साधी हवा, याने त्या तापण्यात काही फरक पडत नाही.

'नायट्रोजनने टायर थंड राहतो', 'उन्हात हवा फुगत नाही' ही तर पंपावरची नेहमीची वाक्यं. वायू कुठलाही असो, तापला की फुगणारच, हा शाळेतला नियम आहे. २९ पौंडांचं चाक दहा अंशांनी तापलं तर दाब साधारण दीड पौंड वाढतो. कोरड्या हवेचाही तेवढाच वाढतो, नायट्रोजनचाही तेवढाच. मायलेजचंही तेच. दाब सारखाच असेल तर गाडीला कळत नाही की आत कोण बसलंय.

मग शेजारच्या वहिनी म्हणतात, "नायट्रोजन भरल्यापासून गाडी कशी हलकी झाली, हँडल पटकन वळतं!" त्या खोटं बोलत नाहीत, मलाही तसंच सांगणाऱ्या पुष्कळजणी भेटल्या. पण नायट्रोजन भरायच्या आधी त्यांच्या चाकात हवा किती होती? बहुतेक वेळा महिना-दोन महिने न पाहिलेली. नायट्रोजनच्या मशीनवर आकडा लावतात, ते बरोबर त्या आकड्याला थांबतं आणि टुंई करून वाजतं. म्हणजे गाडीला कित्येक दिवसांनी पुस्तिकेत लिहिलेला दाब मिळतो. हलकी झाली ती त्या दाबाने. तोच दाब साध्या हवेने दिला असता तरी वहिनी तेवढ्याच खूश झाल्या असत्या.

हे सगळं ऐकून नायट्रोजनवाले फसवतात असं मात्र म्हणू नका. दोन गोष्टी त्याच्या बाजूच्या आहेत आणि त्या खऱ्या आहेत.

एक म्हणजे तो हळू झिरपतो. रबर आपल्याला घट्ट वाटतं, पण वायू त्यातूनही अगदी हळूहळू बाहेर जातो. प्राणवायू नायट्रोजनपेक्षा तीन-चार पट लवकर जातो. म्हणून नायट्रोजनचा दाब जास्त दिवस टिकतो. किती जास्त? हे अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकांच्या मासिकाने चक्क वर्षभर बघितलं. २००६ मध्ये त्यांनी मोटारीच्या ३१ प्रकारच्या टायरांच्या जोड्या घेतल्या. जोडीतल्या एकात हवा, दुसऱ्यात नायट्रोजन, दोन्हीकडे ३० पौंड. आणि वर्षभर बाहेर उघड्यावर ठेवून दिल्या. वर्षाने मोजलं तर हवेचे टायर सरासरी साडेतीन पौंड उतरले होते आणि नायट्रोजनचे २.२. फरक झाला १.३ पौंडांचा. तोही पूर्ण वर्षात! त्यांचंही म्हणणं हेच की थोडा फायदा आहे, पण दाब तपासायची सुट्टी काही मिळत नाही. दुचाकीच्या चाकात मुळात हवा थोडी मावते, त्यामुळे तिचा दाब मोटारीपेक्षा लवकर उतरतो, फरक थोडा जास्त दिसेल. पण जी बाई पंधरा दिवसांनी हवा बघते तिला या फरकाचा उपयोग काय? तिची हवा तशीही दर पंधरवड्याला भरली जातेच.

दुसरी गोष्ट ओलीची. ही मात्र आपल्या भागासाठी महत्त्वाची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. कर्जतचा पाऊस कसा असतो ते इथल्यांना सांगायला नको. जुलैत तर भिंतीसुद्धा घामेजतात. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर हीच ओली हवा ओढून टाकीत दाबतो, आणि दाबल्यावर त्यातलं पाणी टाकीच्या तळाशी साचतं. टाकीला खाली एक छोटा नळ असतो. तो रोज उघडून पाणी सोडायचं असतं. मी चाचांना म्हटलं, "उघडा बघू." त्यांनी उघडला, तर चहाच्या रंगाचं गंजाळ पाणी फुस्स करून बाहेर आलं! चाचाच ओशाळले, "रह गया, दीदी," म्हणाले. हा नळ उघडलाच नाही, तर ते पाणी हवेबरोबर तुमच्या चाकात जातं. लोखंडी रिम आतून गंजते. आणि चाक तापलं की त्या पाण्याची वाफ होऊन दाब आणखी वाढतो, चाक साठ अंशांपर्यंत तापलं तर दोन-अडीच पौंडांपर्यंत. नायट्रोजन फुगत नाही असं म्हणतात, त्यातलं खरं एवढंच की तो कोरडा असतो, म्हणून ही वाफेची वाढ त्याच्यात नसते. कोरडी हवा भरली तर तिच्यातही नसेल. तेव्हा तुमच्या गावातल्या कॉम्प्रेसरमधून पाण्याचे तुषार येत असतील (नोझल तळहातावर धरून क्षणभर दाबायला सांगा, हात ओला झाला की समजलं), तर पावसाळ्यात वीस रुपये देऊन नायट्रोजन भरलात तर ते मी वाया गेले म्हणणार नाही.

टायर आतून कुजत नाही, जास्त टिकतो, असंही सांगतात. प्राणवायूने रबर हळूहळू जुनं होतं हे खरं. पण टायरच्या बाहेरच्या अंगाला ऊन, वारा, पाऊस आणि तोच प्राणवायू रात्रंदिवस लागतोच की! आणि आपल्या रस्त्यांवर आतून कुजेपर्यंत टायर राहतो कुठे, त्याआधीच तो वरून गुळगुळीत होतो.

खिळ्याचं काय? तो हिरवी टोपी बघून थांबत नाही. आमच्याकडे फार्महाऊसची बांधकामं इतकी चालू आहेत की खिळे, तारेचे तुकडे रस्त्यावर पडलेलेच असतात. इथे ट्यूब आणि ट्यूबलेस यांतला फरक माहीत हवा. जुन्या, तारांच्या चाकाच्या मोटरसायकलीत ट्यूब असते. खिळा लागला की ती झपकन बसते, निदान आपल्याला कळतं तरी. हल्लीच्या बहुतेक स्कूटीत ट्यूबलेस टायर असतो. त्यात खिळा रुतून बसतो आणि हवा इतकी हळू जाते की आठ-आठ दिवस पत्ता लागत नाही. सोयीचं आहे, रस्त्यात गाडी ढकलावी लागत नाही. पण ज्या बाईने 'आता बघायला नको' असं ठरवलंय, तिला हाच टायर धोक्याचा. मऊ पडलेलं चाक उभ्या गाडीत चटकन ओळखू येत नाही. २९ चे १८ झाले तरी डोळ्यांना ते तसंच दिसतं. म्हणून मीटर हवा.

आणखी एक भीती घालतात: एकदा नायट्रोजन भरला की साधी हवा चालत नाही, टायर खराब होतो. मुळीच नाही. तीन चतुर्थांशाहून जास्त नायट्रोजन असलेल्या हवेत थोडी आणखी हवा गेली तर काय होणार? रस्त्यात हवा कमी वाटली आणि जवळ नायट्रोजन नसला, तर बिनधास्त साधी हवा भरा. या भीतीपायी निम्म्या हवेवर नेरळपासून कर्जतपर्यंत गाडी आणलेली एक मुलगी मला माहीत आहे, म्हणून एवढं जोर देऊन सांगते.

तर दाब किती ठेवायचा? माझ्या स्कूटीच्या पुस्तिकेत लिहिलंय, पुढे २२, मागे एकटी असेन तर २९ आणि मागे कुणी बसणार असेल तर ३६. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील. पुस्तिकेत बघा, नाहीतर गाडीवर कुठेतरी स्टिकर असतं. पंपावर "हवा बघ रे" एवढंच म्हटलं तर तो पोरगा पुढे-मागे सरसकट ३० किंवा ३५ टाकून मोकळा होतो. पुढचं चाक टणक झालं की ते खड्ड्यावर उडतं आणि ब्रेक लावल्यावर रस्ता नीट धरत नाही. आपल्या बायकांच्या गाडीचं खरं दुखणं मात्र मागचं चाक. सकाळी एकटी, दुपारी शाळेतून दोन मुलं, संध्याकाळी मागे सासूबाई आणि पुढे दळणाचा डबा! एवढं ओझं २९ वरसुद्धा जड, आणि प्रत्यक्षात असतात पंधरा-वीस. ज्यांना रोज डबलसीट जायचंय त्यांनी मागचं चाक डबलसीटच्या आकड्यालाच ठेवावं.

हवा बघायची ती गाडी फारशी चाललेली नसताना, सकाळच्या पहिल्या फेरीत. दुपारी उन्हातून आल्यावर मोजली तर आकडा फुगलेला दिसतो, आपल्याला वाटतं जास्त आहे, आणि आपण सोडून देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चाक मऊ! पावसाळ्यात 'पकड यावी म्हणून' हवा कमी ठेवायची पद्धतही आपल्याकडे आहे, ती सोडा. कमी हवेने टायरवरच्या खाचा मिटतात आणि पाणी बाहेर काढायचं त्यांचं कामच बंद पडतं. चिखलाच्या शेतवाटेची गोष्ट वेगळी, डांबरी रस्त्यावर पुस्तिकेतला आकडाच ठेवावा.

आणि खाचांचा विषय निघालाच आहे तर टायरचं वयही बघून ठेवा. टायरच्या बाजूला चार आकडी अंक कोरलेला असतो. २३२१ असेल तर तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. घरात कमी वापरून उभ्या असलेल्या गाडीचे टायर दिसायला नवे पण वयाने म्हातारे असतात, बाजूने बारीक चिरा पडलेल्या असतात. त्यांना नायट्रोजनने तारुण्य येत नाही.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही मंडळाच्या अंगणात चाचांना बोलावलं आणि सगळ्याजणींनी आपापल्या गाड्या आणल्या. भिशीच्या पैशातून एक मीटर घेतला, दीड-दोनशे रुपयांत मिळतो. टोपी काढायची, मीटर वाल्ववर सरळ दाबायचा, फुस्स आवाज थांबला की आकडा वाचायचा, एवढंच. पहिल्यांदा सगळ्याजणी लांब उभ्या होत्या, 'हे पुरुषांचं काम' असा चेहरा करून. मग ती डबेवाली पुढे झाली. तिच्या मागच्या चाकात निघाले १६! "अगं बाई, आणि मी रोज चाळीस डबे घेऊन जाते," असं म्हणून तिने कपाळावर हात मारला. बहुतेकींची मागची चाकं अशीच कमी निघाली. हिरव्या टोपीची दोन होती, तीही कमीच. वाल्वमधून हवा जातेय का हे ओळखायची चाचांची युक्ती सोपी आहे. बोटाला थुंकी किंवा साबणाचं पाणी लावून वाल्वच्या तोंडावर ठेवायचं. बुडबुडा आला की पिन बदलायची. पिन अगदी स्वस्त असते. आशाताईच्या चाकाची तशीच बदलली. तिने आता मीटर डिकीतच ठेवलाय आणि वाडीवर निघायच्या आधी स्वतः बघते. मंडळाचा दुसरा मीटर आमच्याकडे असतो, ज्यांना हवा असेल त्या घेऊन जातात आणि परत आणायला विसरतात, तो भाग वेगळा.

राहता राहिला दहा रुपयांचा प्रश्न. दोन चाकांचे वीस, दर महिन्याला वरून भरलं तर वर्षाचे दोनशे चाळीस. त्याच पैशात मीटर येतो आणि वर पिनाही येतात. ज्यांची गाडी महिनोन् महिने उभी असते, ज्यांच्याकडचा कॉम्प्रेसर ओला आहे, त्यांनी खुशाल भरावा. कुणी नवीन टायरबरोबर फुकट भरून देत असेल तर नाही म्हणू नये. बाकीच्यांनी फुकटची हवा घ्यावी, आणि ती मागून घ्यावी. पेट्रोल पंपावर गाडीत हवा भरून देणं, प्यायचं पाणी, स्वच्छतागृह आणि प्रथमोपचार पेटी या सोयी फुकट ठेवणं पंपवाल्यांना बंधनकारक आहे, मग तुम्ही पेट्रोल घ्या किंवा नका घेऊ. आमच्या भागातल्या एका पंपावर हवेचं मशीन महिनाभर 'बिघडलेलं' होतं आणि शेजारचं नायट्रोजनचं मात्र ठणठणीत चालू. मी तक्रारवही मागितली. प्रत्येक पंपावर ती ठेवावीच लागते. वही शोधता शोधता पोरगा आत गेला, मालकांशी काहीतरी बोलला आणि बाहेर येऊन म्हणाला, "ताई, गाडी घ्या इकडे. किती टाकू?" त्या दिवसापासून तिथलं मशीन बिघडलेलं मी पाहिलं नाही. स्वच्छतागृहाची किल्लीही तिथेच काउंटरवर मिळते, तीही मागावी लागते.